नातीच्या मुलाखतीतली माझी लुडबुड

माझ्या नातीची मुलाखत पाच टप्प्यांत झाली आणि त्यातला तिसरा टप्पा मी जवळजवळ बुडवला. हे मीच सांगितलेलं बरं, कारण माझा मुलगा ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आणि दरवेळी चुकीची सांगतो. तो म्हणतो, "आईने मध्येच नाक खुपसलं." मी नाक वगैरे काही खुपसलं नव्हतं. मी व्यवस्थित क्लास घेतला होता आणि माझ्या सगळ्या विद्यार्थिनी पास झाल्या होत्या. घोटाळा झाला तो तिथेच.

नात पुण्याला एका लहानशा कंपनीत होती. त्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि पोरगी दोन बॅगा आणि कोरफडीची एक कुंडी घेऊन सोलापूरला घरी आली. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, काही दिवस वाट पाहिली. मग ओळखीच्या एका माणसाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तिच्यासाठी शिकवायची जागा ठरवून आला. त्यात वाईट काहीच नव्हतं. घरापासून जवळ, दुपारी जेवायला घरी. पण ते ऐकून ती एवढंच म्हणाली, "चालेल ना बाबा," आणि ताटातली भाकरी कुस्करत बसली. चालणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो.

दुसऱ्या दिवशी तिने बापाशी सौदा केला. हैदराबादच्या एका कंपनीत तिची मुलाखत सुरू होती. ती नोकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मुकाट्याने क्लासवर. बाप "ठीक" म्हणाला. तो "ठीक" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात क्लासवर जायचा रस्ताही ठरलेला असतो.

आता ही पोरगी नक्की काय काम करते, ते मला तोवर धड माहीत नव्हतं. लोक विचारायचे तेव्हा मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून वेळ मारून न्यायचे. त्या दिवशी शेवटी विचारलंच, "तू चित्रं काढतेस का गं?"

"नाही आजी. मोबाईल हातात घेतला की माणसाला हवं ते सापडलं पाहिजे. आधी काय दिसावं, नंतर काय, कुठलं बटण कुठे, ते मी ठरवते."

"म्हणजे स्वयंपाकघर लावतेस."

"हो, पण दुसऱ्याचं. आणि ती दुसरी बाई आत जाऊन चहा करणार तेव्हा मी बाहेर बसायचं. साखर कुठे आहे ते ओरडून सांगायचं नाही."

ते मला पटलं नाही. साखर कुठे आहे ते सांगायला काय जातं?

पहिल्या टप्प्यात एका मुलीचा फोन आला. गोड बोलली, इकडचं तिकडचं विचारलं आणि ठेवला. दुसऱ्यात नातीने आधी केलेली कामं लॅपटॉपवर दाखवली, एकेकाचा खुलासा केला. आमच्या गल्लीत संध्याकाळी कट्ट्यावर ज्या बायका बसतात त्यांना मी रोजचा वृत्तान्त द्यायचे. त्यातल्या एक माळशिरसकडच्या. त्यांना मुलाखतीचं मोठं नवल.

"पाच येळा बगणार म्हणं?"

"पाच वेळा."

"आमाला एकदाच बगितलं, तेबी दिवेलागणीला. उजेड आसता तर एवडी खोड काडली आसती की त्येंनी!"

मलाही आयुष्यात एक मुलाखत द्यावी लागली होती. ती आठवली की त्या पोरीच्या, म्हणजे तेव्हाच्या माझ्या, वेण्या ओढाव्याशा वाटतात. मॅट्रिक झालेली, मावशीची साडी नेसलेली, आणि तोरा असा की ऑफिस जणू हिच्यावाचूनच अडून बसलंय. थोरल्या भावाने उत्तरं पाठ करून घेतली होती. पहिलं नाव, दुसरं गाव, तिसरं शिक्षण, चौथं छंद. साहेब याच क्रमाने विचारणार याबद्दल भावाला शंका नव्हती, आणि भावाबद्दल मला नव्हती.

साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, "शिक्षण किती?" मी नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "गाव कुठलं?" इथे नशिबाने गाठ पडली, मी खणखणीत आवाजात मैंदर्गी म्हणाले. "टायपिंग येतं का?" "मॅट्रिक, सेकंड क्लास." साहेबांनी चष्मा काढला. "इथे काम फार असतं, बाई. जमेल?" "वाचन, विणकाम आणि रांगोळी."

बाजूला बसलेला कारकून खोकायला लागला. मला वाटलं, बिचाऱ्याला दमा आहे. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की मुलाखत फर्स्टक्लास झाली, एकही उत्तर चुकलं नाही. आणि खरंच चुकलं नव्हतं! पुढे मला नोकरी लागली ती दुसऱ्याच ऑफिसात, आणि तिथे माझ्या सुदैवाने मुलाखत घेत नव्हते. निवृत्त होईपर्यंत मी तिथे इंग्रजीतून टिपणं लिहिली. पण ती वेण्यावाली काही माझ्यातून गेली नाही. परीक्षा म्हटली की पाठांतर करून घ्यायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिसऱ्या टप्प्यात कंपनीने नातीला घरी करायला काम दिलं. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप. आपल्याकडे डॉक्टरांकडे जायचं म्हणजे घरातलं कोणीतरी सकाळी जाऊन कंपाउंडरला नाव सांगून येतं, मग पेशंट सावकाश जातो. ज्याच्या घरात जाणारं कोणी नाही, त्याने दुखतं अंग घेऊन स्वतःच जायचं आणि बाकावर बसून राहायचं. हे म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या मोबाईलवर करता यावं, असं काहीतरी आठवडाभरात बनवायचं, खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघायचं आणि काय दिसलं ते कंपनीला दाखवायचं.

"आजी, तुझ्या कट्ट्यावरच्या बायका येतील का गं?"

"येतील का म्हणजे? बोलावून तर बघ."

"पण एक सांगते. त्या अडल्या तर अडू द्यायचं. कोणी मदत करायची नाही."

"आपल्या घरी आलेल्या बाईला अडू द्यायचं?"

"हो."

"पाणी तरी विचारू का?"

"पाणी विचार. बाकी तोंड बंद."

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, या बायका अडखळल्या तर कंपनीवाले म्हणणार, पोरीचं काम कच्चं. मग क्लास. बाप रस्ता ठरवून बसलाच आहे. तिने तिचा कच्चा नमुना माझ्याही मोबाईलवर घालून दिला होता, "आजी, नुसतं बघून ठेव" म्हणून. मी बघून ठेवला. आणि त्या दुपारी ती आतल्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली असताना मी मोबाईल घेऊन समोरच्यांच्या ओसरीवर गेले.

समोरचं घर यंत्रमागवाल्यांचं. त्या घरच्या बाई आपसात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. त्या, माळशिरसवाल्या आणि आणखी एक-दोघी जमल्या. मी बाईंच्या थाटात सुरुवात केली.

"आक्का, हितं जलमतारीख इच्यारतंय," माळशिरसवाल्या मला म्हणाल्या.

"एक जून टाका."

"माजी एक जून न्हाय."

"मग कधी आहे?"

"ते कुणाला ठावं! बेंदराच्या आदल्या दिशी झाले म्हणं."

"मग एक जूनच. आणि साल येईपर्यंत अंगठा असा वर घासत राहायचं. थांबायचं नाही."

यंत्रमागवाल्या बाई नावापाशी थांबल्या. "कुणाचं नाव घालू? माझा नंबर आमच्या ह्यांच्याच नावाने लागतो नेहमी."

"आजारी कोण? तुम्ही. मग तुमचं घाला."

"माझं?" म्हणून त्या अशा लाजल्या की बाकीच्या हसायला लागल्या.

शेवटी एक हिरवं बटण होतं. तिथे सगळ्यांचीच गाडी अडकायची. बोट वर जाऊन हवेतच थांबायचं.

"दाबू का नगं?"

"दाबा."

"पैसं कापलं तर? घरी तर पोराचाच फोन आसतोय, आक्का. त्यो मला कापंल."

"दाबा हो, काही होत नाही."

तीच उजळणी मी दुसऱ्या दुपारीही घेतली. माळशिरसवाल्या तर शेवटी डोळे मिटून करायला लागल्या. मला केवढा अभिमान!

परीक्षेच्या दिवशी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मी पाणी विचारलं, तोंड बंद ठेवलं आणि कोपऱ्यात बसले. पहिली बाई झरझर पार. दुसरीही पार. नात वहीत काहीबाही लिहीत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. मी शेंगा फोडत होते. मग यंत्रमागवाल्या बाईंची पाळी आली. त्यांनी नाव घातलं, अंगठा घासला आणि पुढचं पान उघडायच्या आधीच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता हिरवं येतंय ना?"

नातीचं पेन थांबलं. तिने हळूच माळशिरसवाल्यांकडे मोबाईल पुढे केला. मोबाईल हातात पडायच्या आधीच त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एक जून!"

बायका गेल्यावर ती माझ्यासमोर फरशीवर बसली.

"आजी, तू क्लास घेतलास?"

"घेतला. का, कोणी नापास झालं का?"

"आजी!" तिने कपाळावर हात मारला. "त्या पास व्हायला नको होत्या गं. त्या कुठे अडतात तेच तर मला बघायचं होतं. आता मी काय दाखवू? परवा द्यायचंय."

बाप दारात उभा होता. त्याने विचारलं, "दुसऱ्या बायका बोलावायच्या का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने बापाला दिसू दिलं नाही, मला दिसलं. माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. बोलले असते तर "वाचन, विणकाम आणि रांगोळी"च म्हणाले असते.

ती फरशीवरच आडवी झाली. मग एकदम उठून बसली.

"आजी, तो क्लास परत घे."

"आता कुणाचा?"

"माझा. मी ती बाई. तू जे जे शिकवलंस ते तसंच्या तसं शिकव. एक शब्द गाळायचा नाही."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. पण तिने वही उघडली होती. मी सुरू केलं. जन्मतारीख आली, मी एक जून म्हणाले. तिने मला थांबवलं. "हे का शिकवावं लागलं?" मी म्हटलं, "अगं, त्यांना तारीख माहीत नाही, आणि साल शोधायला अंगठा झिजतो." ती लिहीत गेली. जन्मतारखेच्या जागी नुसतं वय. नाव आलं, तिथे तिने पुन्हा थांबवलं. "कोणाचं नाव, यावर किती वेळ गेला?" मी नवऱ्याच्या नावाने लागणाऱ्या नंबरची गोष्ट सांगितली. मग हिरवं बटण आलं. मी म्हणाले, "दाबा हो, काही होत नाही."

"हे किती जणींना सांगावं लागलं?"

"सगळ्यांना. दोन्ही दिवस."

तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही रडते की काय. ती हसली. "आजी, जिथे तुला तोंड उघडावं लागलं, तिथे माझं काम कच्चं होतं. हे मला कोणी एवढं नीट सांगितलं नसतं."

हे शहाणपण तिचं. माझं त्यात काही नाही. मी क्लास घेतला होता तो तिला पास करायला. त्यातून तिने काय काढलं, ते मला शंभर वर्षं सुचलं नसतं.

तिने सगळी पानं पुन्हा मांडली. हिरव्या बटणाच्या वर साध्या मराठीत लिहिलं की नंबर लागेल, आत्ता पैसे जाणार नाहीत, नको असेल तर नंतर रद्द करता येईल. मग मोबाईल घेऊन पेठेतल्या एका दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली. तिथे ज्या बायकांशी ओळखपाळख नाही त्यांच्या हातात दिलं. मी चप्पल घालायला लागले तर म्हणाली, "तू नाही." बापाला माझ्यावर लक्ष ठेवायला बसवून गेली!

चौथा टप्पा नेमका पाणी यायच्या दिवशी आला. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत लग्नघर असतं. बादल्यांचा खडखडाट, मोटारींचा आवाज, "आलं, आलं" म्हणून हाकाटी. त्यात नातीला आतल्या खोलीत बसून तीन माणसांसमोर बोलायचं होतं. मी मुलाला बजावलं, "मोटार लावायची नाही. मी पाइपाने हळूहळू भरते." पिंप तिच्या खिडकीखालीच आहे, हा माझा दोष नाही.

इंग्रजीत चाललं होतं, पण ऑफिसातली टिपणं उगाच नाही लिहिली मी. पहिल्यांदा तिने पानं दाखवली. मग त्यातल्या एका बाईंनी, आवाज घोगरा, मुख्याध्यापिकेसारखा, विचारलं की पहिल्या चाचणीत एकही जण अडलं नाही असं लिहिलंय, असं कधी होतं का?

माझ्या हातात पाइप. मला वाटलं, आता ही काहीतरी सारवासारव करणार. मी असते तर केली असती.

ती म्हणाली, "होत नाही. ती चाचणी खोटी होती. माझ्या आजीने सगळ्यांना आधी शिकवून ठेवलं होतं."

मग तिकडून हसण्याचा आवाज आला, एकाचा, मग तिघांचा. तिने हसू संपू दिलं आणि पुढे सांगत गेली. आजीला काय काय शिकवावं लागलं, प्रत्येक ठिकाणी तिने काय बदललं, नंतर दवाखान्यात अनोळखी बायका कुठे अडल्या. तिथेही दोघी अडल्या होत्या, तेही सांगितलं. तेही काम अजून राहिलंय म्हणाली. आवाज एकदाही हलला नाही. घोगऱ्या आवाजाच्या बाईंनी पुन्हा विचारलं, "समजा, ते तुमच्या लक्षातच आलं नसतं तर?"

"तर मी ती चाचणी इथे मोठ्या अभिमानाने दाखवली असती, आणि तुम्ही आत्ता विचारलंत तसं विचारलं असतंत. माझ्याकडे उत्तर नसतं."

विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर. जेवढं विचारलं तेवढंच, आणि खरं. पिंप भरून पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं, आणि पाण्याच्या बाबतीत आमच्या गल्लीत हा गुन्हा आहे. मुलगा धावत आला. "आई, अगं पाइप!" मी त्याला हाताने गप्प केलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. तोही उभा राहिला. त्याला इंग्रजी माझ्याहून जास्त कळतं. पायजमा भिजला तरी हलला नाही.

पाचवा टप्पा कंपनीच्या मोठ्या साहेबांशी होता. तो लवकर संपला. सोलापुरात राहून काम करणार का, अधूनमधून हैदराबादला याल का, असलं काहीतरी. त्यानंतर काहीच नाही. मोबाईल वाजला की आम्ही तिघं एकदम बघायचो, आणि तो कुठल्यातरी कर्जवाल्याचा निघायचा. क्लासवाल्याचा मात्र दोनदा आला. तो मुलाला विचारत होता, पहिल्या तारखेपासून नक्की ना? मुलगा म्हणाला, "सांगतो," आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं की तो "हो" म्हणाला नाही.

मग एका सकाळी, मी चटणी कुटत असताना, नात आतून बाहेर आली. मोबाईल बापासमोर धरला. त्याने चष्मा शोधला. चष्मा डोक्यावरच होता. वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मग खिशातून स्वतःचा मोबाईल काढून क्लासवाल्याला लावला.

"माझ्या मुलीला जमणार नाही," तो म्हणाला. "तिला नोकरी लागली."

तिकडच्या माणसाने काहीतरी विचारलं असावं.

"नाही, ओळख कुणाची नाही. पाच वेळा मुलाखत घेतली त्यांनी. पाच." मग उठून ओसरीवर गेला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, या वेळी इतक्या मोठ्याने की समोरचे माग चालू असूनही ऐकू गेलं असावं.

पोरगी लाजून म्हणाली, "आजी, बाबांना सांग ना, हळू बोला."

मी म्हटलं, "बोलू दे की त्याला. मी पाणी विचारीन, बाकी तोंड बंद."